स्वयंपाकघरातली शांतता

माझ्या नवऱ्याच्या नव्या सिनेमात जो नवरा आहे तो बायकोला फसवतो, आणि दर वेळी त्याच्याकडे इतकं चांगलं कारण असतं की बघणाऱ्याला वाटावं, बिचारा, याच्या जागी दुसरा असता तर त्याने तरी काय केलं असतं? सिनेमा विनोदी आहे. लेखन-दिग्दर्शन नवऱ्याचं आणि संकलन माझं. म्हणजे त्याने दोन महिने जे भारंभार चित्रित करून आणायचं, ते मी बसून बघायचं, कापायचं, जोडायचं आणि त्याचा दोन तासांचा सिनेमा करून द्यायचा. बावीस वर्षांत त्याने सात सिनेमे केले. सातही मीच कापले.

स्क्रिप्ट ऐकताना मी पोट धरून हसले होते, हे आधीच कबूल करून टाकते. नुसती हसले नाही, भरही घातली. सिनेमातला नवरा पकडला जातो आणि स्वयंपाकघरात बायकोसमोर बसून खुलासा करतो, तो शेवटचा सीन हा वाचून दाखवत होता. मी मटार सोलता सोलता म्हटलं, "यात अजून एक घाल. 'मी खोटं बोललो ते तुला दुखवायचं नव्हतं म्हणून. दुखवायचं असतं तर खरं नसतं का बोललो?'" तो खुर्चीतून उडालाच. म्हणाला, तुझ्यासारखं डोकं या धंद्यात कुणाला नाही. मला गुदगुल्या झाल्या. त्या सीनमधली अशी तीन वाक्यं माझी आहेत.

तर शूटिंग संपलं आणि सगळा माल माझ्या खोलीत आला. ही खोली आमच्या घराच्या मागच्या बाजूला आहे. दोन पडदे, एक खुर्ची, भिंतींना जाड फोम, खिडकी नाही. आवाज ध्वनिमुद्रकाने वेगळा पाठवला होता. त्याला आम्ही सगळे कानसेन म्हणतो. साठीला आलेला माणूस, पण दोन खोल्यांपलीकडे कुणी उसासा टाकला तरी याला ऐकू येतो. कानसेनची एक पद्धत आहे, खरं तर या धंद्यातली सगळ्यांचीच. कुठल्याही जागी काम थांबलं की अर्धं मिनिट सगळ्यांनी जागच्या जागी गप्प उभं राहायचं आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. कुठे फ्रीज गुरगुरतो, कुठे लांबचा रस्ता ऐकू येतो. दोन वाक्यांमध्ये मी काही कापलं की तिथे भोक पडतं, आणि ते बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते.

त्या दिवशी शेवटच्या सीनमध्ये मला असंच ठिगळ लावायचं होतं. मी 'शांतता, स्वयंपाकघर' नावाची फाईल उघडली. अर्ध्या मिनिटाऐवजी ती अकरा मिनिटांची होती. म्हटलं, कानसेन म्हातारा झाला, मशीन चालू ठेवून जेवायला गेला. आणि तसंच झालं होतं. पहिलं अर्धं मिनिट फ्रीज आणि कुणाच्या तरी पोटातली गुरगुर. मग कानसेनचा आवाज, "झालं, सोडा." खुर्च्या सरकल्या, माणसं बाहेर गेली. एकीच्या कॉलरला मात्र माईक तसाच राहिला होता. सिनेमातल्या बायकोच्या. ती नटी चाळीस-बेचाळीसची, गुणी, आमच्या घरी दोन-चारदा जेवून गेलेली. मला ताई म्हणते.

"ताईंना कळलं तर?" ती म्हणाली.

"तिला कळलेलं असणारच," माझा नवरा म्हणाला. "बोलत नाही एवढंच. फार समजूतदार आहे ती."

मी खुर्चीत ताठ झाले. एवढा समजूतदारपणा माझ्या अंगी आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"आमचं आता कामापुरतं उरलंय गं. आणि खरं सांगू? तू भेटल्यापासून मी घरी जास्त चांगला वागतो. परवा तिच्या आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेलो. पूर्वी गेलो असतो? म्हणजे यात तिचाही फायदाच आहे."

आईच्या मोतीबिंदूच्या वेळी तो चार तास दवाखान्यात बसला होता. मी बहिणीला मुद्दाम फोन करून त्याचं कौतुक केलं होतं. बहीण म्हणाली होती, नशीब काढलंस.

"पण तुम्ही त्यांच्याशी रोज खोटं बोलता, त्याचं मला वाईट वाटतं," नटी म्हणाली.

"मी खोटं बोलतो ते तिला दुखवायचं नाही म्हणून. दुखवायचं असतं तर खरं नसतं का बोललो?"

मग ती म्हणाली, "अहो, हे तर स्क्रिप्टमधलं आहे."

"स्क्रिप्ट कुठून येते? आयुष्यातूनच ना?"

माझं वाक्य! मटार सोलताना सुचलेलं, माझं स्वतःचं! लाज वाटते सांगायला, पण बाई कोण, कधीपासून, किती, हे सगळं मनात यायच्या आधी मला त्या वाक्याचाच राग आला. विनोद म्हणून दिलेली गोष्ट या गृहस्थाने खरी म्हणून वापरली, आणि तीही पाठ केलेल्या सुरात. बाकीचं नंतर कळत गेलं. मी अकरा मिनिटं पूर्ण ऐकली. मग सुरुवातीचं अर्धं मिनिट कापून घेतलं आणि सीनला ठिगळ लावलं. ते बेमालूम बसलं.

दुपारी तो दारात डोकावला. "कसं चाललंय?"

"छान."

"स्वयंपाकघरातला आवाज ठीक आहे ना? तिथे फ्रीजचा त्रास होता."

"आवाज फार स्वच्छ आलाय," मी म्हटलं.

त्याला काही बोलले नाही. का नाही बोलले? कारणं भराभर सुचली. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी वन्संना सिनेमा दाखवायचा होता. वन्सं म्हणजे त्याची थोरली बहीण. आईच्या मागे त्याला तिनेच वाढवलं, आणि टायरच्या दुकानांच्या जोरावर त्याचे सिनेमेही तीच उभे करते. त्या दिवशी वन्सं हसल्या तर सिनेमा थिएटरात जाणार, नाही तर कपाटात. अशा वेळी घरात रण माजवून कसं चालेल? चाळीस माणसांची मेहनत आहे. आधी काम, मग संसार. मी मूग गिळून बसले ते कामासाठी, असं मी स्वतःला बजावलं आणि ते मला पटलंही.

मग मी सिनेमा कापायला घेतला. म्हणजे आधीच कापून झालेला पुन्हा कापायला घेतला.

या धंद्यातली एक गोष्ट सांगते. माणसाला प्रश्न विचारला आणि त्याच्या उत्तराआधी अर्धा सेकंद जास्त ठेवला की खरं बोलणाराही लबाड दिसतो. मी अर्धा सेकंद ठेवत गेले. तो बायकोकडे मायेने बघतो ते काढलं, घड्याळाकडे बघतो ते ठेवलं. तिच्या डोळ्यांत पाणी येतं ते लांबवलं. चार दिवसांत त्या नवऱ्याचा मी असा काही चेंदामेंदा केला की बघून जीव थंड झाला. आता कुठे सिनेमाला धार आली, मी मनाशी म्हटलं. कलेच्या दृष्टीने हेच योग्य आहे.

पाचव्या दिवशी सकाळी कानसेन आवाज तपासायला आला. अर्धा सिनेमा त्याने पाहिला. विनोदी सिनेमा, आणि हा माणूस एकदाही हसला नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"वहिनी, आधीचं कुठे गेलं?"

"कुठलं आधीचं?"

"हा माणूस तर पहिल्या पाच मिनिटांतच चोर दिसतोय. मग पुढे बघायचं कशाला? आधी कापलेलं दाखवलंत तेव्हा मी हसत होतो, मान डोलवत होतो, बरोबर बोलतोय म्हणत होतो. आणि मग माझी मलाच लाज वाटायची, आपण कुणाला बरोबर म्हणतोय! आता लोक त्याच्याकडे बोट दाखवतील आणि पाय पसरून निवांत बसतील."

मला झोंबलं. "तुम्ही मला शिकवू नका," मी म्हटलं. "आधी तुमचं मशीन बंद करायला शिका. स्वयंपाकघरात विसरला होतात."

कानसेनचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुम्ही ऐकलंत?"

"तुम्ही ऐकलंत का, ते सांगा."

"नंतर फाईल तपासताना, दोन मिनिटं. मग ऐकणं बंद केलं." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हटलं, नवरा-बायकोच्या मधे आपण पडू नये. फाईल पुसून टाकावी असंही वाटलं. पण कामाचा माल कसा पुसायचा? म्हटलं, पाठवून देऊ. वहिनी पहिलं अर्धं मिनिट घेतील, पुढचं कशाला ऐकतील?"

"म्हणजे तुम्ही सांगितलंही नाही आणि लपवलंही नाही."

"हो. दोन्हीकडून सुटलो, असं वाटलं होतं."

मी त्याला चहासुद्धा न विचारता घालवून दिलं. दार लावलं आणि तोच अर्धा सिनेमा पहिल्यापासून बघितला, हात बांधून, परक्यासारखा. कानसेनचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. तो नवरा माणूस राहिलाच नव्हता, नुसतं भुस्सा भरलेलं सोंग. मी चार दिवस त्याला बडवत बसले होते आणि त्याला कला म्हणत होते. जे माझ्या नवऱ्याने केलं तेच मी केलं होतं. हवं ते करून घेतलं आणि वर चांगलं कारण चिकटवलं. मला भयंकर संताप आला. या वेळी तो फक्त माझ्या स्वतःवर होता.

त्याच बैठकीत ठरवलं. या माणसाची प्रत्येक सबब मी अशी कापीन की वन्संना पटली पाहिजे, कानसेनला पटली पाहिजे, मला स्वतःला पटली पाहिजे. त्याला सोडवण्यासाठी नव्हे. माझं काम तेच आहे म्हणून, आणि ते मला येतं म्हणून. शुक्रवारला चार दिवस उरले होते. घरी सांगितलं, जेवायला बोलवू नका, मी माझी येईन.

सर्वात कठीण काय गेलं सांगू? हसू. तिसऱ्या दिवशी त्या नवऱ्याच्या एका थापेवर मला खुदकन हसू आलं. मग मी रडले आणि डोळे पुसून तो सीन आणखी दोन सेकंदांनी घट्ट केला, म्हणजे हसू वेळेवर येईल.

राहिला शेवटचा सीन. कागदावर तो असा होता: नवरा स्वयंपाकघरात बसून खुलासा करतो, बायको मटार सोलत ऐकते, शेवटी तिला हसू फुटतं आणि ती त्याच्यापुढे चहा ठेवते. माफी. सहा वेळा चित्रित केला होता. सहावा टेक दिग्दर्शकाने पसंत केलेला, पाचव्यावर त्याच्याच अक्षरात 'बाद' लिहिलेलं. पाचवा मी तोवर उघडलाही नव्हता. वेळ बघितली. तो टेक जेवणानंतरचा पहिला होता, म्हणजे त्या अकरा मिनिटांनंतरचा.

त्यात नट छान बोलतो. बोलत बोलत माझ्या वाक्यावर येतो, "दुखवायचं असतं तर खरं नसतं का बोललो?" नटी मटार सोलता सोलता थांबते. तासाभरापूर्वी हेच वाक्य दुसऱ्या एका पुरुषाने तिला याच खोलीत ऐकवलेलं असतं. ती त्याच्याकडे बघते, त्यात राग वगैरे काही नाही, फक्त नीट बघते. हातातली शेंग खाली ठेवते आणि उठून चौकटीबाहेर निघून जाते. परत येत नाही. नट जातिवंत. कुणी कट म्हटलं नाही म्हणून तो बोलतच राहतो. रिकाम्या खुर्चीला समजावत राहतो, तिला पटतंय अशा खात्रीने मान हलवतो. चाळीस सेकंद. मग माझ्या नवऱ्याचा आवाज, "कट! काय चाललंय?"

मी दोन्ही शेवट जोडून पाहिले. स्वतःला खडसावून विचारलं, बाई गं, हीसुद्धा नवी सबब नाही ना? पुन्हा सूडच उगवत नाहीस ना? तीनदा पाहिलं. चहाचा शेवट खोटा होता. कागदावरही तो खोटाच होता, फक्त तेव्हा मी मजेत होते म्हणून मला दिसला नव्हता. मी पाचवा टेक लावला. चोरून नाही, उद्या त्याच्यासमोर बसून दाखवायचा आणि विचारलं तर तोंडावर सांगायचं, असं ठरवून.

शुक्रवारी सकाळी अकराला बारा खुर्च्यांच्या छोट्या हॉलमध्ये आम्ही चौघं बसलो. वन्सं मधोमध, त्यांच्या एका बाजूला मी आणि नवरा, मागे कानसेन. नटीलाही बोलावलं होतं. अंगात कणकण आहे म्हणून ती आली नाही.

वन्सं हसल्या. नुसत्या हसल्या नाहीत, त्यांच्या हसण्याने खुर्ची कुरकुरली. सिनेमातल्या नवऱ्याने तिसरी थाप मारली तेव्हा त्या मोठ्याने म्हणाल्या, "बरोबर बोलतोय तो! घरी मान नाही मिळाला की माणूस बाहेर जाणारच." कानसेन मागून खोकल्यासारखं हसत होता. माझा नवरा तर हवेत होता. अंधारात त्याने माझा हात हातात घेऊन दाबला. त्याला वाटलं असावं, एवढ्या मायेने कापते आहे म्हणजे हिच्या मनात काही नाही. किंवा असलं तरी हिने समजून घेतलंय.

शेवटचा सीन आला. माझं वाक्य आलं. बायको उठली. माझ्या नवऱ्याचा हात माझ्या हातावर तसाच राहिला, पण त्यातला जीव गेला. पडद्यावरचा माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागला तेव्हा वन्सं खळखळून हसल्या. तो बोलतच राहिला. वन्सं कमी हसल्या. तो आणखी बोलला, समजावून, मान हलवून. हॉलमध्ये आता कुणीच हसत नव्हतं. मग अंधार.

दिवे लागले. वन्सं समोर बघत बसल्या होत्या.

"मघाशी मी त्याला बरोबर म्हणाले ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो, वन्सं."

"काय बाई मी तरी." त्यांनी पर्स उचलली. भावाकडे एकदा बघितलं, जरा जास्तच वेळ. "शेवट हाच ठेवायचा. कुणीही हात लावायचा नाही." आणि गेल्या. कानसेन त्यांच्या मागोमाग सटकला.

"हा टेक मी बाद केला होता," नवरा म्हणाला.

"माहितीय. मी घेतला. तुला न विचारता घेतला, तेही मान्य."

"का?"

"कारण मी 'शांतता, स्वयंपाकघर' ऐकलीय. अकरा मिनिटं. तिच्या कॉलरला माईक होता."

तो पांढराफटक पडला. मग रंग परत आला, आणि त्याच्याबरोबर शब्दही. "हे बघ, तुला वाटतंय तसं ते नाही. तू चिडणार हे मला कळतं. पण आधी माझं ऐकून घेशील?"

"ऐकते," मी म्हटलं. "पण आधी माझं ऐक. आज दुपारपासून मी आईकडे राहणार आहे. सिनेमा पूर्ण करून देईन, शेवटच्या फ्रेमपर्यंत. त्यानंतरचे तू दुसऱ्या कुणाकडून काप. आता बोल."

तो बोलला. मी खरंच उठले नाही, सगळं ऐकलं. चाळीस मिनिटं. सुरुवात एकटेपणाने झाली, मग वय आलं, मग माझं कामात बुडणं, मग आईचा मोतीबिंदू दोनदा आला, मग परत एकटेपणा. एकदा त्याने माझा दोष सांगितला आणि पाच मिनिटांनी माझा काहीच दोष नाही म्हणाला. नटीबद्दल म्हणाला, तीच मागे लागली होती. मग म्हणाला, तिला यात ओढू नको, ती साधी आहे. सवयीने माझं लक्ष कुठून कापावं इकडे जात होतं. हे आधी घ्यावं, ते गाळावं, इथे थांबू द्यावं. तसं केलं असतं तर त्यातून नऊ-दहा मिनिटांचं फार हृद्य काही तरी निघालं असतं. मला वाईट वाटत होतं. त्याचंही वाटत होतं. हा माणूस मला आवडत आला होता, आणि त्यातला किती माझ्या हातचा होता ते मला आता दिसत होतं.

शेवटी तो दमला. माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "पटतंय ना तुला?"

हा प्रश्न तो मला बावीस वर्षं विचारत आलाय, प्रत्येक सीननंतर, याच आवाजात. मीही दर वेळी एकच उत्तर दिलंय, पटेल, त्यातली दोन वाक्यं मी काढते.

"नाही," मी म्हटलं. "आणि या वेळी मी काहीच काढणार नाही."